दाताला कंपोझिट किती घट्ट बसलं? बाँडची ताकद पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षी सिनॉप्सिसची (प्रबंधाच्या आराखड्याची) तारीख डोक्यावर आली की कॉन्झर्व्हेटिव्ह (दात भरण्याच्या) विभागातल्या निम्म्या मुलांचा विषय ठरल्यासारखाच असतो: कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) दाताला चिकटवणाऱ्या अमुक तीन बाँडिंग एजंटांच्या शिअर बाँड स्ट्रेंग्थची, म्हणजे ढकलून जोड तोडायला लागणाऱ्या ताकदीची, तुलना. पेशंटला पुन्हा पुन्हा बोलवायला नको, खर्च बेताचा, काढलेले दात ओरल सर्जरीत मिळतात आणि शेवटी हातात आकडे येतात. ‘सोपा विषय आहे, घेऊन टाक,’ असं सीनिअर सांगतात. मलाही असंच सांगितलं होतं आणि मी घेऊन टाकला होता.

जोड तोडणं खरंच सोपं आहे. मशीन आकडा देतंच; तुम्ही चुकलात तरी देतं. तो आकडा बाँडचा आहे, तुमच्या हाताचा आहे की मोल्डच्या (साच्याच्या) कडेनं ओघळलेल्या थेंबाचा आहे, हे सांगता येणं ही खरी मेहनत. तोच बाँड एका पेपरात १५ मेगापास्कल (दर चौरस मि.मी.ला इतके न्यूटन) दाखवतो, दुसऱ्यात ४०, आणि दोन्ही पेपर प्रामाणिक असू शकतात. म्हणून सुरुवातीलाच खूणगाठ बांधा: आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा नसतो. एकाच हातानं, एकाच साठ्यातल्या दातांवर, एकाच मशीनवर केलेल्या दोन गटांमधला फरक तेवढा आपला. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक निर्मळ राहावा यासाठी आहेत.

चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं

इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज. कोरडं, टणक, अॅसिडनं छान खडबडीत होणारं. १९५५ साली अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल बुओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक अॅसिड ३० सेकंद लावलं आणि अॅक्रिलिक इनॅमलला धरून राहतं हे दाखवलं. कल्पना त्यांनी कारखान्यांकडून उचलली होती. रंग नीट बसावा म्हणून धातूला आधी फॉस्फोरिक अॅसिड लावायची तिथे पद्धत होती. आज आपण ३५ ते ३७ टक्क्यांचं जेल वापरतो, तत्त्व तेच.

इनॅमलखालच्या डेंटिनची गोष्ट वेगळी. खनिज सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजन (प्रथिनाचे तंतू) आणि पाणी, त्यात पल्पपर्यंत (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत) जाणाऱ्या नळ्या. डेंटिनलाही अॅसिड लावायला हरकत नाही असं जपानमध्ये फुसायामा यांनी १९७९ मध्ये मांडलं, तेव्हा पल्पच्या काळजीनं अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. १९८२ मध्ये नाकाबायाशी यांनी दाखवलं की अॅसिडनं उघड्या पडलेल्या कोलॅजनच्या जाळ्यात रेझिन (बाँडमधलं, नंतर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. हाच तो हायब्रिड लेअर. सेल्फ-एच बाँडमध्ये वेगळा अॅसिड आणि धुणं नसतं; बाँडमधलाच आम्लधर्मी मोनोमर (रेझिनचा मूळ रेणू) दात खरवडतो आणि आत शिरतो. त्यातला एमडीपी हा मोनोमर दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातंही जोडतो. २०११ नंतर आलेले युनिव्हर्सल बाँड दोन्ही तऱ्हांनी वापरता येतात.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाँडची पाचवी, सहावी, सातवी, आठवी पिढी विचारतात, ती पाठ करा. पण प्रयोग आखताना पिढ्यांचा हिशोब बाजूला ठेवा. नवी पिढी म्हणजे जास्त ताकद असं नसतं. बऱ्याचदा नवी पिढी म्हणजे एक बाटली कमी, इतकंच. गट पाडा ते वागणुकीवरून: धुवायचा की नाही, आणि किती टप्प्यांत.

प्रश्न एकच धरा

‘पाच बाँडपैकी सर्वांत चांगला कोणता’ हा प्रश्न नाही, ही जत्रा झाली. पाच बाटल्या पाच बाबतींत वेगळ्या: सॉल्व्हंट (उडून जाणारा द्रावक) वेगळा, मोनोमर वेगळा, टप्पे वेगळे. फरक आला तरी कशामुळे आला ते सांगता येत नाही. त्यापेक्षा एकच युनिव्हर्सल बाँड घ्या आणि विचारा, डेंटिनला आधी फॉस्फोरिक लावलं तर काय होतं आणि न लावता काय होतं. किंवा अॅसिटोनवाला आणि इथेनॉलवाला असे दोन पाचव्या पिढीचे (अॅसिड वेगळं, बाकी एकाच बाटलीतले) बाँड, ओल्या आणि जरा जास्त वाळवलेल्या डेंटिनवर. असा प्रश्न छोटा दिसतो, पण उत्तर निघतं.

सगळ्या गटांना कंपोझिट एकच, त्याच शेडचं, त्याच लॉटचं. प्रत्येक कंपनीचा बाँड त्याच कंपनीच्या कंपोझिटबरोबर वापरायचा असेल तर तेही चालतं, पण मग तुम्ही बाँडची नाही तर अख्ख्या जोडीची तुलना करताय. शीर्षकातच तसं लिहा. एक गट जुन्याजाणत्या बाँडचा ठेवा. दोन टप्प्यांच्या सेल्फ-एचमध्ये क्लिअरफिल एसई बाँड जगभर याच कामासाठी वापरतात. तुमच्या हातून त्याचेच आकडे वेडेवाकडे आले तर दोष बाँडमध्ये शोधू नका.

आता किती दात? ‘मागच्या बॅचनं दहा घेतले होते’ हे कारण नव्हे. दोन गटांसाठी साधं सूत्र आहे, ८० टक्के पॉवर (खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता) धरून: ७.८४ ला २ ने गुणा, त्याला स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकड्यांच्या विखुरण्याच्या मापाच्या) वर्गानं गुणा आणि ज्या फरकाला तुम्ही महत्त्व देता त्या फरकाच्या वर्गानं भागा. डेव्हिएशन ५ मेगापास्कल आणि पकडायचा फरकही ५ असेल तर प्रत्येक गटात १६ दात लागतात. फरक ३ चाच असेल तर ४४. म्हणजे दहा-दहा दात घेऊन दोन-तीन मेगापास्कलच्या फरकावर निष्कर्ष काढणारे प्रबंध किती पाण्यात आहेत ते दिसतं. गट दोनाहून जास्त असतील तर स्टॅटिस्टिशियनकडे आधी जा. आकडे आल्यावर गेलात तर तो फक्त सांत्वन करू शकतो.

शिअर की मायक्रोटेन्साइल

शिअरमध्ये दाताच्या सपाट पृष्ठभागावर कंपोझिटचा छोटा दंडगोल उभा करतात आणि जोडाच्या अगदी जवळ पात्यानं ढकलून तो उडवतात. मायक्रोटेन्साइलमध्ये पूर्ण सपाट दातावर कंपोझिटचा थर चढवतात, मग पाण्याखाली फिरणाऱ्या हिऱ्याच्या चकतीनं त्याच्या सुमारे १ चौरस मि.मी. छेदाच्या काड्या पाडतात आणि एकेक काडी दोन्हीकडून ओढून तोडतात. ही पद्धत सानो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पुढे आणली. जोडाचं क्षेत्रफळ जितकं लहान तितका आकडा मोठा, हेही त्यांनीच दाखवलं. लहान जागेत भेग सुरू करणारे दोष कमी सापडतात, म्हणून. शिअरचे २० आणि मायक्रोटेन्साइलचे ४० हे एकाच बाँडचे असू शकतात, ते याचमुळे.

शिअरवर टीका भरपूर झाली आहे, आणि रास्त आहे. पातं ढकलतं तेव्हा ताण सगळ्या जोडावर सारखा पसरत नाही, पात्याजवळ एकवटतो, आणि भेग बऱ्याचदा खाली डेंटिनमध्ये वळते. १९९७ मध्ये फर्स्लाउस आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हे मांडून दाखवलं: शिअरमध्ये डेंटिनचा तुकडा निघून येतो तो चाचणीच्या घडणीमुळे. ‘डेंटिन तुटलं म्हणजे बाँड डेंटिनपेक्षा मजबूत’ हे वाक्य आजही प्रबंधांत सापडतं. तुमच्या प्रबंधात नको.

तरीही नवख्याला मी शिअरच सुचवते. मायक्रोटेन्साइलला चांगलं स्लो-स्पीड कटर लागतं, आणि काड्या पाडतानाच काही काड्या तुटतात. हे तुटणं म्हणजे शून्य धरायचं, सर्वांत कमी मोजलेला आकडा धरायचा की वगळायचं, यावर निकाल फिरू शकतो. सरळ हँडपीसला डिस्क लावून हातानं काड्या पाडणारे मी पाहिले आहेत. त्यात बाँड नाही, मनगट मोजलं जातं. तुमच्या कॉलेजात किंवा जवळ कटर असेल, तर अकॅडमी ऑफ डेंटल मटेरियल्सनं २०१७ मध्ये मायक्रोटेन्साइलसाठी काढलेली मार्गदर्शक सूत्रं आधी वाचा, मग उतरा.

दात गोळा करणं

एथिक्स कमिटीचं पत्र आधी, दात नंतर. दात ‘फेकायचेच होते’ हा युक्तिवाद चालत नाही. पेशंटची संमती लागते. अक्कलदाढा उत्तम, कारण त्या तरुण माणसांच्या, बहुधा न किडलेल्या असतात. दातांवर चिकटण्याच्या चाचण्यांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा ११४०५ हा दस्तऐवज आहे. त्यात १६ ते ४० वयाच्या माणसांच्या तिसऱ्या दाढा सुचवल्या आहेत. ‘दात मिळत नाहीत’ म्हणून साठ वर्षांच्या आजोबांची झिजलेली दाढ आणि अठरा वर्षांच्या मुलीची अडकलेली अक्कलदाढ एकाच डबीत टाकू नका. म्हाताऱ्या डेंटिनच्या नळ्या खनिजानं बुजत जातात. दोन दात म्हणजे दोन वेगळी मटेरियल्स होतात.

काढल्याबरोबर नळाखाली धुवा, चिकटलेलं मांस खरवडा. मग ०.५ टक्के क्लोरॅमिन-टीमध्ये जास्तीत जास्त आठवडाभर, त्यानंतर ४ अंश सेल्सिअसला डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पाणी अधूनमधून बदलत. सहा महिन्यांहून जुना दात वापरू नका. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) ठेवायचा मोह होतो, विभागात बाटली हाताशीच असते. ठेवू नका. त्याचा ऑक्सिजन डेंटिनमध्ये राहतो आणि रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. डबीवर तारीख लिहा, आणि लिहा म्हणजे न पुसणाऱ्या पेननं. फ्रिजमधल्या ओल्या डबीवर साध्या शाईचं काय होतं ते सांगायला नको. एक दिवसही दात कोरडा राहिला तर तो सरळ बाद करा.

बसवणं आणि घासणं

हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणायचा, इंचभराची कडी कापायची, आत कोल्ड क्युअर अॅक्रिलिक ओतून दात उभा करायचा. मुळं आत, क्राऊन (दाताचा वरचा भाग) बाहेर. प्रत्येक गटाला अॅक्रिलिकचा वेगळा रंग दिलात तर शेवटी घोळ होत नाही. मात्र मशीन चालवणाऱ्याला कुठला रंग कुठल्या बाँडचा ते सांगू नका. अॅक्रिलिक घट्ट होताना तापतं. कणीक-कणीक होऊ लागलं की कडी थंड पाण्यात सोडा. दाताचा पृष्ठभाग कडीच्या तळाशी समांतर हवा. इथे पाच अंशाची चूक झाली तर मशीनवर पातं एका कडेलाच टेकतं.

वरचं इनॅमल पाण्याखाली कापून सपाट डेंटिन उघडं करा. किती खोल, हे ठरवून सगळ्या दातांना सारखं ठेवा. इनॅमलजवळ दर चौरस मि.मी.ला सुमारे २०,००० नळ्या असतात, पल्पजवळ सुमारे ४५,०००, आणि त्या रुंदही असतात. खोल डेंटिन म्हणजे ओलं डेंटिन, कोलॅजन कमी. क्राऊनच्या मधोमध थांबणं सोयीचं. भिंगाखाली बघा: इनॅमलचं एकही बेट शिल्लक नको.

शेवटी सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर, ओला, ठरलेल्या नंबरचा, प्रत्येक दाताला सारखे सेकंद. कागद वेळोवेळी बदला. पेपरनं पडणारा स्मिअर लेअर (घासल्यावर उरणारा भुग्याचा थर) पातळ आणि एकसारखा असतो, बरनं (दात कोरायच्या ड्रिलच्या टोकानं) पडणारा जाड. सौम्य सेल्फ-एच बाँडला हा फरक जाणवतो, म्हणून चिकित्सालयाशी नातं सांगायचं असेल तर बरनं तयार केलेला एखादा गट ठेवण्यात अर्थ आहे.

बाँड लावणं: इथे थांबा, इथेच सगळं ठरतं

बाटलीबरोबर आलेला बारीक अक्षरांचा कागद फेकलात का? शोधा. त्यात लिहिलेले सेकंद हेच तुमचे सेकंद. ‘आम्ही ओपीडीत असंच लावतो’ याला प्रयोगात जागा नाही, आणि स्टॉपवॉचशिवाय बसू नका. २० सेकंद चोळायचं म्हणजे किती वेळ, हे मोजून पाहिलंत की ओपीडीत आपण खरं तर सहा-सात सेकंदच देतो हे लक्षात येतं. (हे लक्षात आलं, एवढ्यासाठीसुद्धा थीसिसचा उपयोग झाला असं मला वाटतं.)

धुवायच्या प्रकारात डेंटिनला अॅसिड १५ सेकंद, मग भरपूर पाणी. त्यानंतरचं वाळवणं हा सगळ्यात निसरडा टप्पा. फुंकरीनं खडखडीत वाळवलंत की कोलॅजनचं जाळं पाण्यावाचून बसतं, गवत पायाखाली दबावं तसं, आणि रेझिनला शिरायला वाट उरत नाही. फार ओलं ठेवलंत तर रेझिन पाण्यात तरंगतं. कान्का यांनी १९९२ मध्ये ओल्या डेंटिनवरचं बाँडिंग चर्चेत आणलं तेव्हापासून ‘किंचित ओलं’ म्हणजे किती, याचा काथ्याकूट चालू आहे. माझा उपाय साधा: हवेचा फवारा अजिबात नाही. फिल्टर पेपरचा सारख्या मापाचा तुकडा, एकदाच टेकवायचा, सारखे सेकंद. पृष्ठभाग चमकावा, पण पाण्याचं डबकं दिसू नये. सेल्फ-एचला ही कटकट नाही, आणि नवख्या हातात त्याचे आकडे कमी विखुरतात त्याचं हेही एक कारण.

बाँड चोळायचा, नुसता फासायचा नाही. मग सॉल्व्हंट उडवायचा. आधी दुरून हळू हवा, मग जवळून, बाँडवरच्या लाटा हलायच्या थांबेपर्यंत. सॉल्व्हंट राहिला तर बाँड आतून मऊ राहतो. हवेच्या नळीत तेल किंवा पाणी येतंय का, ते आधी आरशावर सोडून बघा. कॉलेजच्या कॉम्प्रेसरवर विश्वास टाकून चालत नाही.

अॅसिटोनवाल्या बाँडची बाटली थेंब काढला की लगेच बंद. माझ्या प्रयोगात पहिला गट डिसेंबरात झाला आणि चौथा एप्रिलच्या अखेरीस, विदर्भाच्या उन्हाळ्यात, एसी बंद असलेल्या खोलीत. बाटली तीच. शेवटच्या दातांना तो बाँड मधासारखा घट्ट झाला होता आणि मी पंधरा दिवस ‘बाँड कमजोर निघाला’ म्हणून खुशीत होते, कारण माझं गृहीतक तेच होतं. गाईडनं बाटली तिरकी करून दाखवली तेव्हा कळलं. तो गट पुन्हा केला. त्याच वेळी दुसरी चूकही दिसली: गट एकामागून एक केले की शेवटच्या गटापर्यंत हात तयार होतो आणि शेवटचा बाँड आयता जिंकतो. म्हणून एका बैठकीत प्रत्येक गटातले दोन-दोन दात घ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि प्रयोगाचे दात सुरू करण्याआधी दहा-बारा दात निव्वळ सरावाचे तोडा. ते आकडे वहीत लिहा, पण प्रबंधात घेऊ नका.

आता कंपोझिट. पारदर्शक नळीचा तुकडा मोल्ड म्हणून उभा करायचा, आतला व्यास मोजून, आणि दोन मि.मी.हून जाड थर न टाकता भरायचं. सलाइनची नळी बरेच जण वापरतात, चालते. पण ती कापून काढताना जोडाला हिसका बसतो. खालपासून वरपर्यंत नव्या ब्लेडनं चिरून अलगद उलगडायची. लाइट क्युअरची (कंपोझिट घट्ट करणाऱ्या दिव्याची) ताकद रेडिओमीटरवर (प्रकाश मोजायच्या यंत्रावर) रोज बघा आणि लिहून ठेवा. टोकाला वाळलेलं कंपोझिट चिकटलेलं असेल तर आकडा अर्ध्यावर येतो, हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे.

आणि क्षेत्रफळ. समजा मोल्डचा व्यास ३ मि.मी. म्हणजे क्षेत्रफळ ७.०७ चौरस मि.मी. मशीननं १२७ न्यूटन दाखवले. भागिले, साधारण १८ मेगापास्कल. पण कंपोझिट मोल्डखालून जरा पसरलं आणि खरा व्यास ३.४ झाला असेल तर क्षेत्रफळ ९.०८ होतं, आणि खरा आकडा १४. जो बाँड जास्त पातळ, त्याच्या गटात पसरणं जास्त, म्हणजे ही चूक सगळ्या गटांत सारखीही नसते. उपाय स्वस्त आहे: चिकटपट्टीला ठरावीक व्यासाचं भोक पाडून ती डेंटिनवर लावा आणि बाँड त्या भोकातच. मोल्ड बरोबर त्यावर. तोडल्यावर जागेचा व्यास भिंगाखाली पुन्हा मोजा.

थांबणं

क्युअर केल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास. हे किमान. यात फक्त नव्या जोडाची ताकद कळते. जोड टिकतो का, हे विचारायचं असेल तर थर्मोसायकलिंग: ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आळीपाळीनं, प्रत्येकात किमान २० सेकंद. आयएसओनं सांगितलेल्या ५०० फेऱ्या फारच थोड्या. गेल आणि डार्वेल यांनी १९९९ मध्ये १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातलं सुमारे एक वर्ष असा अंदाज मांडला, आणि तोच आता सगळीकडे वापरतात. त्याहून मला साधं पाण्यात सहा महिने ठेवणं जास्त बोलकं वाटतं. डेंटिनमधलीच एन्झाइम्स कोलॅजन हळूहळू खातात आणि पाणी रेझिन पोखरतं. २४ तासांना अव्वल आलेला एकाच बाटलीचा सेल्फ-एच सहा महिन्यांनी तिथे राहीलच असं नाही. तुमचं वेळापत्रक परवानगी देत असेल तर निम्मे नमुने मागे ठेवाच.

मशीनवर

युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन बहुधा इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा धातूंची चाचणी करणाऱ्या खासगी प्रयोगशाळेत मिळेल. जायच्या आधी एकच प्रश्न फोनवर विचारा: लोड सेल (जोर मोजणारा भाग) किती क्षमतेचा आहे? लोखंडी सळ्या तोडणाऱ्या १०० किलोन्यूटनच्या सेलवर आपले ८०-१०० न्यूटन मोजणं म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर वेलदोडा तोलणं. ५०० न्यूटन किंवा १ किलोन्यूटनचा सेल असेल तिथे जा, थोडं लांब पडलं तरी.

गती ०.५ किंवा १ मि.मी. दर मिनिटाला, आयएसओच्या ०.७५ अधिक-उणे ०.३० या मर्यादेत दोन्ही बसतात. सगळ्या गटांना एकच. पातं डेंटिनला घासून, पण त्यावर न दाबता. जोडापासून जितकं दूर ढकलाल तितका दंडगोल वाकतो आणि तुम्ही शिअर न मोजता भलतंच काही मोजता. पहिल्या दाताला ऑपरेटरशेजारी उभे राहा, बाकीच्यांनाही राहा. दात ओल्या कापसात न्या. मशीनवर चढण्याआधीच सुटलेले नमुने असतील तर कुठल्या गटात किती, ते लिहा, लपवू नका. एखाद्या गटात असे चार निघाले तर तोच तुमचा मोठा निष्कर्ष असू शकतो.

तुटलेली जागा बघा

स्टिरिओमायक्रोस्कोपखाली, २० ते ४० पट मोठं करून, दोन्ही बाजू. जोडातच तुटलं, डेंटिनमध्ये तुटलं, कंपोझिटमध्ये तुटलं की मिश्र? दोन जणांनी एकमेकांना न विचारता नोंदवायचं आणि मग जुळवायचं. जोडातून तुटलेला नमुना हाच बाँडबद्दल खरं बोलतो. कंपोझिटमध्ये तुटला असेल तर कदाचित आत हवेचा बुडबुडा होता. त्या भोकाचा फोटो काढून ठेवा. ज्या गटात निम्म्याहून जास्त नमुने डेंटिनमध्ये तुटले त्याच्या सरासरीला ‘बाँडची ताकद’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. तुम्ही मोजलं ते ‘निदान इतकी’ एवढंच.

आकडे

सरासरीआधी विखुरणं बघा. डेव्हिएशन सरासरीच्या २० ते ५० टक्के असणं या चाचणीत नेहमीचं. ५० च्या वर गेलं तर आयएसओसुद्धा सांगतं की अख्खी कृती तपासा. दोन गट असतील तर टी-टेस्ट, जास्त असतील तर एकमार्गी अनोव्हा आणि मग टुकी (कोणता गट कुणापेक्षा वेगळा ते सांगणारी चाचणी), पण आधी आकडे नॉर्मल पसरलेत का आणि गटांचं विखुरणं सारखं आहे का ते पाहा. वायबुल विश्लेषण जमलं तर करा: सरासरी सारखी असलेल्या दोन बाँडांपैकी कोणता अचानक दगा देतो हे त्यातून दिसतं, आणि दाताच्या डॉक्टरला सरासरीपेक्षा त्याचीच भीती असते. मायक्रोटेन्साइल केलं असेल तर एका दाताच्या दहा काड्या म्हणजे दहा नमुने नव्हेत. दात एक, नमुना एक.

१७ ते २० मेगापास्कल असले की कंपोझिटच्या आकसण्याला पुरतं, हे वाक्य व्हायवात विचारतील. त्यामागे १९८० च्या दशकातलं काम आहे, आकसण्याचा ताण आणि बाँड यांची चढाओढ पाहणारं. उत्तर द्या, पण आपला १८ आला म्हणून उत्तीर्ण आणि १६ आला म्हणून नापास असं लिहू नका. तो १८ तुमच्या मोल्डचा, तुमच्या पात्याचा आहे.

लिहिताना क्रिस ही चेकलिस्ट समोर ठेवा. प्रयोगशाळेतले दंत-अभ्यास नीट मांडले जावेत म्हणून भारतातल्याच संशोधकांनी ती २०१४ मध्ये सुचवली: नमुन्यांची संख्या कशी ठरवली, दात गटांत कसे वाटले, आंधळेपणा (कुठला गट कुठला हे मोजणाऱ्याला न कळू देणं) कुठे पाळला. बाँड आणि कंपोझिटचे लॉट नंबर, रेडिओमीटरची नोंद, वाळवायची पद्धत हे सगळं ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये. दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग तंतोतंत करता आला पाहिजे. निष्कर्षात ‘या बाँडची फिलिंग जास्त टिकतील’ असं लिहायचा मोह आवरा. ते दातांच्या मानेवरच्या, किडीशिवाय झिजून पडलेल्या पोकळ्यांत वर्षानुवर्षं फिलिंग राहतं का हे मोजणारे क्लिनिकल अभ्यास सांगतात, आपण नाही.

आणि तुटलेले नमुने व्हायवा होईपर्यंत टाकू नका. गटवार डब्यांत, पाण्यात, नंबर टाकून. परीक्षकांपैकी एक जण हमखास म्हणतो, ‘सातव्या नंबरचा दाखवा बरं.’ ते झाल्यावर पिवळ्या पिशवीत.